ताटलीवरचा अंगठा

"सरका, सरका! गाडी येतेय!"

आवारातली शंभर-सव्वाशे माणसं दोन्ही भिंतींना चिकटली. पलीकडच्या टोकाकडून एक राखाडी टॅक्सी सुसाट आली. चालकाने ब्रेक दाबला आणि चुन्याने आखलेली पांढरी रेघ ओलांडून गाडी चांगली दोन हात पुढे जाऊन उभी राहिली. गर्दी हळहळली.

"बघितलंत?" उंच स्टुलावर बसलेला नादबाबा म्हणाला. "ब्रेकचे पॅड कोरे करकरीत. कालच खोक्यातून काढून घातलेत. तरी गाडी रेघेच्या पुढे का गेली? लोखंड झोपलंय म्हणून! झोपलेला माणूस तुमचं ऐकतो का? मग लोखंड कसं ऐकेल? जा रे, सात फेऱ्या मार. प्रत्येक कोपऱ्यावर ब्रेक दाब, पण गाडी उभी करू नकोस. उभी केलीस तर नाद तुटला."

टॅक्सीवाल्याने आवाराला सात फेऱ्या मारल्या. चार कोपरे, सात फेऱ्या, अठ्ठावीस वेळा ब्रेक. मग "लोखंडाला श्वास घेऊ दे" असं म्हणून नादबाबाने त्याला पंधरा मिनिटं रस्त्यावर सावकाश फिरून यायला सांगितलं. तो परत आला, पुन्हा तेवढ्याच वेगाने सुटला, ब्रेक दाबला, आणि गाडी रेघेच्या हातभर अलीकडे खिळल्यासारखी थांबली.

टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. टॅक्सीवाला खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याला हसण्याचा मला काही अधिकार नाही. दिवसभर लोकांचे जीव मागच्या सीटवर घेऊन फिरणाऱ्या माणसाला ब्रेक लागल्याचं केवढं समाधान असतं, ते मी एकोणीस वर्षं बघतेय. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला असते. आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गॅरेजं आहेत, आणि त्यांच्या मागे हे जुनं माल उतरवायचं आवार. दर रविवारी सकाळी नादबाबाचा दरबार तिथे भरतो.

त्या रविवारी मी भिंतीला टेकून उभी होते, कारण पुढचा नंबर माझ्या भावजींचा होता. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. रोज सकाळी साडेसातला अकरा मुलं घेऊन, त्यांत त्यांची स्वतःची लेकही, ती व्हॅन पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावरून खाली येते आणि तळाशी मोठ्या रस्त्यापाशी थांबते. थांबली नाही तर समोरून ट्रक जात असतात.

व्हॅनची पुढची चाकं काढून ठेवली होती. चाकाच्या आत एक लोखंडी ताटली असते, तिला डिस्क म्हणतात. ती चाकाबरोबर फिरते आणि पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, म्हणून गाडी थांबते. दर वेळी ताटली थोडी झिजते. किती झिजली की फेकायची, हा सगळा प्रश्न. नादबाबाकडे त्याचं उत्तर होतं. त्याने भावजींची एक डिस्क मधल्या भोकातून बोटावर अडकवून उचलली, पान्याने कडेवर टोला दिला.

टण्ण्ण...

आवाज विरेपर्यंत कोणी हाललं नाही. "जिवंत आहे," नादबाबा म्हणाला. "अजून वर्षभर काही होत नाही. जिवंत लोखंड काढून टाकणं हे पाप आहे. लक्षात ठेव."

भावजींनी हात जोडले. त्यांच्याआधी आलेल्या एका टेम्पोवाल्याची डिस्क मात्र 'ठक्' वाजली होती. ती मेली, असं ठरलं. मेलेली डिस्क नादबाबा ठेवून घेतो आणि तिच्या बदल्यात पैसे घेऊन कोपऱ्यातल्या चळतीतली एक 'जागी केलेली' देतो. ती चळत रॉकेलने पुसून, घासून चकचकीत केलेल्या जुन्या डिस्कचीच होती, हे काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दुरूनही कळतं.

नादबाबा पुढच्या गाडीकडे वळल्यावर मी भावजींच्या डिस्कची कड फडक्याने पुसली. कडेवर आकडे कोरलेले होते: किमान जाडी वीस मिलीमीटर. मी जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. झिजलेल्या डिस्कला बाहेरच्या बाजूला न झिजलेला ओठ राहतो, तो मापाला फसवतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं लावून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. मी दोनदा मोजलं. अठरा पूर्णांक दोन.

"भावजी, ही बदला. आजच बदला. हे बघा इथे लिहिलंय, आणि हे माप."

"आता बाबांनी वाजवली ना तुझ्यासमोर?"

"वाजण्याचा आणि जाडीचा काय संबंध?"

"मेहुणीबाई," भावजी हसून म्हणाले, "तुम्ही दुकानदार. तुमच्या मापाने सगळ्या गाड्यांचं सगळंच बदलायला हवं."

मी व्हर्निअर पिशवीत टाकला. वाद न घालण्याला कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे नेणं खोटेपणाचं होईल. पॅडच्या प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर चित्रं काढून लिहिलेलं असतं की नवीन पॅड घातल्यावर मध्यम वेगाने गाडी चालवा, ब्रेक दाबून वेग कमी करा, पण पूर्ण थांबू नका, असं वीस-तीस वेळा करा, मग सावकाश चालवून थंड होऊ द्या. तसं केलं की पॅडचा मसाला ताटलीवर एकसारखा बसतो आणि ब्रेक नीट धरतो. सात फेऱ्यांचा चमत्कार तो एवढाच. गंमत अशी की आमच्या दुकानात तो कागद गिऱ्हाइकाला कोणी देत नाही. कागद चांगला जाड असतो, म्हणून आम्ही त्यात सुटे नटबोल्ट बांधतो.

दोन वर्षांपूर्वी भावजींनी पॅड नेले ते माझ्याच हातून. कागद मी काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी उतारावर व्हॅन थांबता थांबेना, मोठ्या रस्त्यात निम्मी पुढे गेली, एक ट्रक हॉर्न वाजवत वळून गेला. मुलं रडायला लागली. त्याच रविवारी कोणीतरी भावजींना नादबाबाकडे नेलं, सात फेऱ्या झाल्या आणि ब्रेक लागायला लागला. आता त्या माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? ज्या दुकानाने त्याला जवळजवळ मारलं त्या दुकानावर, की ज्याने वाचवलं त्याच्यावर?

हे कळल्यावर मी एकदा तो कागद घेऊन त्यांच्या घरी गेले होते. भावजींनी शेवटपर्यंत वाचला, अगदी मन लावून.

"म्हणजे बाबा सांगतात तेच कंपनीनेही लिहिलंय. मग बाबा खरेच की!" ते म्हणाले. मग कागदाची घडी करता करता म्हणाले, "आणि हे तू मला त्या वेळी का नाही दिलंस?"

कागद तिथेच ठेवून मी चपला घातल्या. 

पण डिस्क वाजवण्याचं काय, हे मला त्या रविवारपर्यंत उमगलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो टण्ण आवाज ऐकून क्षणभर मलाही पटलं होतं, कारण तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते. आमचे अण्णा, म्हणजे वडील, धार लावायच्या कारखान्यात होते. ग्राइंडरचा नवीन दगड आला की ते तो बोटावर टांगून लाकडी मुठीने टोला द्यायचे. दगड खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत तडा आहे, मशीनवर चढवायचा नाही. ती रीत शंभर टक्के खरी आहे. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक मेकॅनिकला ती माहीत आहे, आणि नादबाबाही पूर्वी तसल्याच कारखान्यात फिटर होता. दगडाची रीत त्याने डिस्कला लावली, आणि ती ओळखीची वाटल्यामुळे कोणी शंका घेतली नाही. आवाज फार तर तडा सांगतो. जाडी सांगत नाही. पातळ झालेली ताटलीही छान वाजते.

आणि 'ठक्'? ते मला घरी पातेल्याच्या झाकणाने सांगितलं. झाकण मुठीला धरून चमचा मारला तर वाजतं. कडेला दुसऱ्या हाताचं बोट टेकवलं की आवाज मरतो. मी टेम्पोवाल्याची वेळ आठवून बघितली. नादबाबाने त्याची डिस्क उचलताना अंगठा मागच्या बाजूला टेकवला होता.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायला जाताना मला ताई दिसली. तिने लेकीचा हात धरला होता आणि दोघी चालत शाळेकडे निघाल्या होत्या. घरापासून शाळा चाळीस मिनिटं लांब. तेवढ्यात शेजारून भावजींची व्हॅन गेली, मुलांनी खिडकीतून हात हलवले.

"ही पायी का?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले चालणं चांगलं असतं," ताई म्हणाली.

"कोणते डॉक्टर?"

ताईने लेकीला दोन पावलं पुढे जाऊ दिलं. "मला माहितेय तू खरं बोलतेस," ती हळूच म्हणाली. "मी त्यांना सांगून बघितलं. ते म्हणतात, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

"आणि बाकीच्या दहा मुलांचं काय?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "त्यांच्या आयांना मी काय सांगू? माझ्याच नवऱ्याच्या गाडीत मुलं बसवू नका म्हणून?"

मग मी सांगायला गेले. शाळेच्या फाटकाशी तीन दिवस उभी राहिले. एक आई म्हणाली की ड्रायव्हरकाका इतके चांगले आहेत, मुलांना हात धरून उतरवतात. ते खरंच आहे. एका वडिलांनी विचारलं, "तुम्ही त्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या ना?" आणि अर्थपूर्ण हसले. गाड्या तपासणाऱ्या कार्यालयात गेले, तर तिथल्या कारकुनाने नोंद बघून सांगितलं की या व्हॅनचा तपासणीचा दाखला अजून सात महिने चालू आहे, तो संपला की या. भावजींना म्हटलं, मी माझ्या पदरच्या नवीन डिस्क घालून देते. ते इतके दुखावले की आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

राहता राहिला एकच मार्ग. पुढच्या रविवारी नादबाबाने एक डिस्क 'मेली' म्हणून बाजूला ठेवली, तेव्हा मी गर्दीतून पुढे गेले आणि ती उचलली.

"ही मेलेली ना?" मी ओरडले.  "आता बघा!" बोटावर अडकवून टोला दिला. टण्ण्ण. "झाली जिवंत! आता बघा." अंगठा मागे टेकवला. ठक्. "मेली! अंगठा काढला." टण्ण्ण. "पुन्हा जिवंत! अहो, यात नाद नाही, अंगठा आहे अंगठा! कोणीही येऊन करून बघा!"

पुढच्या रांगेतले लोक डिस्ककडे आणि माझ्या अंगठ्याकडे बघू लागले. एकजण हसला. मागच्या रविवारच्या टेम्पोवाल्याने मान वर केली. मला वाटलं, झालं. एकदाचं झालं.

नादबाबा स्टुलावरून उतरला, माझ्यासमोर आला आणि त्याने चक्क मला हात जोडले.

"तीस वर्षं मी वाट बघत होतो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी फक्त ओळखतो. मेलेलं लोखंड जिवंत करणारा हात मी आजपर्यंत पाहिला नव्हता. या बाईच्या हातात आहे तो. आणि बिचारीला ठाऊकही नाही!"

पहिली टाळी कोणी वाजवली ते मला दिसलं नाही. मी अंगठा, अंगठा म्हणून ओरडत राहिले आणि लोक माझा अंगठा बघायला पुढे यायला लागले. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तो कपाळाला लावला.

सोमवारी दुकानासमोर रांग होती.

"ताई, जरा वाजवून द्या ना."

"मी मोजून देते. कडेवर आकडा असतो, तो वाचून दाखवते."

"मोजा हो, पण आधी वाजवा."

मालक आतून सगळं बघत होते. "वाजवून दे की," ते म्हणाले. "तुझ्या बापाचं काय जातंय?" मी वाजवलं नाही. मोजत राहिले. लोक आकड्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघत राहिले, आणि मी डिस्क खाली ठेवताना फळीवर आपटून जो काही आवाज होईल त्यावरून आपापला निकाल काढून घरी गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी अर्धी शाळा असते. दुपारी भावजी आले, काखेत टॉवेलात गुंडाळलेली डिस्क आणि मागे लेक. शेजारच्या गॅरेजात त्यांनी चाक काढून ठेवलं होतं.

"राग सोड," ते म्हणाले. "बाबांनी सांगितल्यापासून मला इतका अभिमान वाटतोय! घरचाच हात. तू एकदा वाजव आणि जिवंत म्हण, म्हणजे तुझ्या बहिणीच्या डोक्यातलं खूळ जाईल. पोरीला उन्हातून चालवत नेते रोज."

त्यांनी टॉवेल उघडला. तीच डिस्क. अठरा पूर्णांक दोन, आता कदाचित अठरा पूर्णांक एक.

"भावजी, आकडा वाचा. मी पाया पडते तुमच्या."

"वाचलाय गं तो. वाजव तू."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाईट माणूस नाही हो तो. मुलांना हात धरून उतरवतो. सोमवारी सकाळी साडेसातला तो त्या उतारावर असणार होता, दहा मुलं घेऊन. मी एकोणीस वर्षं ज्या मापासाठी भांडत आले ते फळीवरच ठेवलं, डिस्क बोटावर अडकवली, आणि अंगठा मागे टेकवला.

ठक्.

भावजींचा चेहरा पडला. "मेली?"

"मेली," मी म्हणाले. "दुसरीही मेली असणार. डिस्क जोडीने बदलायच्या असतात."

त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. मी दोन नवीन डिस्क आणि पॅड काढून दिले, डिस्कवरचं तेल पुसून घ्या म्हणून सांगितलं, आणि पॅडच्या खोक्यातला कागद त्यांच्या खिशात कोंबला. ते सामान घेऊन शेजारी गेले. लेक काउंटरशीच राहिली. ती दहा वर्षांची आहे आणि तिचं कशावरूनही लक्ष हटत नाही.

"मावशी, तुझा अंगठा लागला होता."

"कुठे?"

"इथे मागे. म्हणून ठक् झालं. काढून वाजव ना."

मी काढून वाजवलं. दुकानभर टण्ण असा आवाज घुमला.

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"हो."

ती रागावली नाही. कारण शोधत असावी. मी तिच्या हातात फडकं दिलं आणि कड पुसायला लावली. तिने आकडा वाचला, वीस. मग नाणी कशी लावायची ते दाखवलं. तिने स्वतः मोजलं, वजाबाकी तोंडी केली आणि म्हणाली, "अठरा पूर्णांक एक. म्हणजे वीसपेक्षा कमी. बदलायलाच हवी होती. मग पप्पांना हेच का नाही दाखवलंस?"

"दाखवलं होतं. तीनदा."

"मी दाखवते," ती म्हणाली आणि मी अडवायच्या आत ती जड डिस्क दोन्ही हातांनी पोटाशी धरून गॅरेजात गेली. मी मागोमाग धावले. भावजी चाकाशी उकिडवे बसले होते.

"पप्पा, हे बघा, इथे वीस लिहिलंय आणि ही तर..."

"ठेव ती खाली, बाळ," भावजी प्रेमाने म्हणाले. "मावशीने सांगितलंय ना ती मेलीय? मग आता काय वाचायचं त्यात?"

मुलगी माझ्याकडे वळून बघायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारपासून ती पुन्हा व्हॅनमधून शाळेत जाते. व्हॅन उताराच्या तळाशी व्यवस्थित थांबते. अकरा मुलं सुखरूप आहेत, याचा मला आनंद आहे, आणि तो ज्या रस्त्याने आला त्याची लाज आहे. आता मी पॅडचा प्रत्येक कागद गिऱ्हाइकाच्या हातात देते. नटबोल्ट वर्तमानपत्रात बांधते. रांग अजून असते.

म्हणून हे लिहिलं. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही, तेवढं तर मुळीच करू नका. तुमची गाडी गॅरेजात गेली की चाक काढल्यावर खाली वाका, डिस्कची कड पुसा आणि आकडा वाचा. तो कोणालाही वाचता येतो. माप तुमच्यासमोर घ्यायला सांगा. खोक्यातला कागद मागून घ्या. आणि कोणी ताटली बोटावर अडकवून वाजवायला लागलं, मग ती मी का असेना, तर आवाजाकडे कान देऊ नका. अंगठा कुठे टेकलाय, तेवढं आधी बघा.